धुक्याआडची किल्ली: भूमिकाखेळासाठी व्हिक्टोरियन गॉथिक निवडताना

या मालेत आपण आजवर कादंबरी, नाटक, चित्रपट यांवर बोललो. आज खेळावर बोलायचं आहे. खेळ म्हणजे टेबलाभोवती बसून खेळायचे रोलप्लेइंग गेम. ज्यांनी हे पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी दोन वाक्यांत सांगतो. चार-पाच माणसं एकत्र बसतात, त्यांतला एक जण गोष्ट चालवतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे एकेक पात्र घेतात, त्या पात्राच्या वतीने बोलतात, ठरवतात, आणि एखादी गोष्ट जमेल की नाही अशी शंका आली की फासे टाकतात. हा प्रकार १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’पासून छापील रूपात आला. म्हणजे त्याला आता पन्नास वर्षं होऊन गेली. पन्नास वर्षं टिकलेल्या कलाप्रकाराला समीक्षा हवी, असं आम्हाला वाटतं. आपल्याकडेही पुण्या-मुंबईत हे खेळ खेळणारी मुलं आहेत, तेव्हा विषय फार दूरचा नाही.

यात पहिला निर्णय असतो तो पार्श्वभूमीचा. गोष्ट कुठे घडणार, केव्हा घडणार? खेळणारे याला सेटिंग म्हणतात. आणि पुन्हा पुन्हा निवडली जाणारी एक सेटिंग म्हणजे व्हिक्टोरियन गॉथिक. गॅसचे दिवे, धुकं, घोडागाड्या, उंच टोप्या, बंद वाडे, कुठेतरी एक रक्तपिपासू उमराव. प्रश्न असा की ही निवड करताना आपण नक्की काय निवडतो? कपडे निवडतो, की भीती निवडतो? आमचं आजचं म्हणणं थोडक्यात असं: बहुतेक खेळ कपडे निवडतात आणि भीती दुसरीकडून उसनी आणतात. त्यामुळे खेळाचंही नुकसान होतं आणि इतिहासाचंही.

आधी शब्द स्वच्छ करून घेऊ. व्हिक्टोरिया राणीचा काळ १८३७ ते १९०१. गॉथिक कादंबरी त्याहून जुनी. होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रॅन्टो’ १७६४ची, ॲन रॅडक्लिफची ‘द मिस्टरीज ऑफ उडोल्फो’ १७९४ची. या जुन्या गॉथिकमध्ये भीती लांब असते. इटलीतला किल्ला, गेलेली शतकं, कॅथलिक मठ. इंग्रज वाचक आपल्या शेकोटीपाशी सुरक्षित बसून परक्यांच्या तळघरात डोकावतो. व्हिक्टोरियन लेखकांनी काय केलं, तर ही भीती घरी आणली. १८४७च्या ‘जेन एअर’मध्ये वेडी ठरवलेली बायको इंग्लंडातल्याच एका घराच्या वरच्या मजल्यावर कोंडलेली आहे, आणि ती जमैकाहून आणलेली आहे, तीस हजार पौंडांसकट. १८८६च्या ‘डॉक्टर जेकिल अँड मिस्टर हाइड’मध्ये राक्षस लंडनमध्ये राहतो, एका प्रतिष्ठित डॉक्टरच्या घरात, फक्त मागच्या दाराने ये-जा करतो. १८९७च्या ‘ड्रॅक्युला’मध्ये तर उमराव इंग्लंडात येतो तो सरळ वकिलामार्फत जागा विकत घेऊन.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. या सगळ्यांत भुताच्या मागे कुठेतरी एक कागद असतो. जेकिलच्या गोष्टीत वकिलाच्या तिजोरीत ठेवलेलं मृत्युपत्र आहे. ‘ड्रॅक्युला’त मालमत्तेचे व्यवहार आहेत. विल्की कॉलिन्सच्या ‘द वुमन इन व्हाइट’मध्ये एका बाईची ओळखच पुसून तिला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं जातं, कारण तिच्या नावावर पैसा आहे. आणि ही केवळ कादंबरीतली कल्पना नव्हती. १८८२चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा कायदा येईपर्यंत इंग्लंडात लग्न झालं की बायकोची बरीचशी मिळकत कायद्याने नवऱ्याच्या हाती जायची. खाजगी रुग्ण म्हणून कुणाला वेड्यांच्या इस्पितळात ठेवायचं तर घरच्या माणसाची मागणी आणि दोन डॉक्टरांचे दाखले पुरत. न्यायाधिकाऱ्याचा आदेश सक्तीचा झाला तो १८९०च्या कायद्याने. तेव्हा वरच्या मजल्यावरच्या खोलीला कुलूप का आहे, याचं उत्तर त्या काळी भुताखेतांच्या पोथीत शोधायची गरज नव्हती, ते कायद्याच्या पुस्तकातच होतं.

इथून आपण खेळाकडे येऊ. गॉथिकचा गाभा कोंडलेपणाचा आहे. माणूस एका घरात, एका लग्नात, एका घराण्याच्या पापात अडकलेला आहे, आणि बाहेर पडता येत नाही. रोलप्लेइंग खेळाचा गाभा याच्या अगदी उलट. तिथं गेम मास्टर सतत विचारत असतो, ‘तू आता काय करतोस?’ खेळाडूचं स्वातंत्र्य हेच त्या खेळाचं भांडवल. मग कोंडलेपणाची कला आणि स्वातंत्र्याची कला एकाच टेबलावर कशा नांदणार? कादंबरीच्या वाचकाला नायिकेला हाक मारून सावध करता येत नाही. त्या असहायतेतूनच त्याची भीती येते. खेळाडू मात्र म्हणतो, मी दार फोडतो. फासा टाकतो. दार फुटतं. संपली भीती.

बर्नार्ड सूट्स नावाच्या तत्त्वज्ञाने १९७८च्या ‘द ग्रासहॉपर’ या पुस्तकात खेळाची व्याख्या केली आहे. तिचा भावार्थ असा की खेळणं म्हणजे आवश्यक नसलेले अडथळे स्वखुशीने पत्करून ते ओलांडायचा प्रयत्न करणं. गोल्फचा चेंडू हाताने खड्ड्यात टाकणं सोपं, पण आपण काठी घेतो. म्हणजे खेळात बंधन हा दोष नव्हेच, बंधनाशिवाय खेळ उभा राहत नाही. प्रश्न एवढाच की बंधन कुठून आलं. गुहेतलं दार बंद आहे, का? तर गेम मास्टरने सांगितलं म्हणून. ते बंधन मनमानीचं वाटतं आणि खेळाडू त्याच्यावर चिडतो. व्हिक्टोरियन घरातलं दार बंद आहे, का? तर किल्ली नवऱ्याच्या कमरेला आहे, नोकरांचा पगार त्याच्या हातात आहे, डॉक्टर त्याचा मित्र आहे, आणि दार फोडलंच तर पोलीस त्याच्या बाजूने येतील. हे बंधन जगाचं आहे. दार फोडता येतं, पण फोडल्यावर सकाळी काय, हा प्रश्न उरतो. खेळाडूचं स्वातंत्र्य शाबूत राहतं आणि भीतीही शाबूत राहते. आमच्या मते व्हिक्टोरियन गॉथिक निवडायचं खरं कारण हे आहे. त्या समाजाने अब्रू, पैसा, वर्ग आणि कायदा यांचं इतकं दाट जाळं विणलेलं होतं की गेम मास्टरला वेगळ्या भिंती उभारायची गरजच पडत नाही.

या कसोटीवर काही खेळ तपासून पाहू.

केऑसियम या संस्थेचा ‘कॉल ऑफ कथुलू’ १९८१चा, सँडी पीटरसन यांनी रचलेला, लव्हक्राफ्टच्या कथांवर बेतलेला. त्याचा मूळ काळ १९२०चं दशक. १९८६ साली त्याला ‘कथुलू बाय गॅसलाइट’ ही जोड मिळाली आणि खेळ १८९०च्या इंग्लंडात नेता येऊ लागला. काळाची माहिती देणारं पुस्तक म्हणून ते उपयोगाचं आहे. पण भीती? या खेळात पात्राला शहाणपणाचे गुण असतात. विश्वाचं भयाण सत्य दिसलं की ते गुण घटतात आणि पात्र वेडाकडे सरकतं. ही भीती विश्वाच्या बेफिकिरीची आहे: माणूस कुणाच्या खिजगणतीत नाही, ही जाणीव. गॉथिकची भीती याच्या दुसऱ्या टोकाला. तिथं कुणीतरी माणसाची पुरेपूर दखल घेतलेली असते. आजोबांनी केलेल्या पापाचा हिशेब कुणीतरी ठेवलेला आहे आणि तो वसूल करायला आता तो दारात उभा आहे. म्हणून १८९०च्या धुक्यात कथुलू आणला की धुकं फक्त पडदा होतं. तीच गोष्ट अंटार्क्टिकात घडली असती तरी फरक पडला नसता. आम्ही याला वाईट खेळ म्हणत नाही, पण त्याला गॉथिकही म्हणणार नाही.

दुसरं उदाहरण १९९४चं, ‘मास्क ऑफ द रेड डेथ’. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’च्या कुळातलं आणि ‘रेव्हनलॉफ्ट’ची पुढची शाखा. इथं १८९०च्या दशकातली पृथ्वी आहे आणि जादू वापरणाऱ्याला त्याची नैतिक किंमत मोजावी लागते. ही कल्पना उत्तम. शक्ती हवी तर बिघडण्याचा धोका पत्करा, हा जेकिलचाच धडा. पण याच खेळाने जगातल्या अनिष्टामागे एक अमानवी शक्ती उभी केली आहे, आणि तिथं आमचं त्याच्याशी जमत नाही. सगळ्या पापांना एकच बाप सापडला की माणसं सुटतात.

तिसरं, २००२चं ‘व्हिक्टोरियन एज: व्हॅम्पायर’. इथं खेळाडू स्वतःच रक्त पिणारे. खेळाडूला शोषणाऱ्याच्या जागी बसवणं ही धाडसाची गोष्ट आहे, कारण मग प्रश्न ‘राक्षसाला कसं मारू’ असा राहत नाही, ‘आज कुणाच्या जिवावर जगू’ असा होतो. दिवाणखान्यातली सभ्यता आणि पोटातली भूक एका माणसात नांदतात. मात्र टेबलावर सगळे बलवान उमराव होऊन बसले, तर ज्याच्या गळ्याचा घोट घेतला तो मोलकरी मुलगा गोष्टीतून नाव न घेताच निघून जातो. त्याला नाव द्यायचं की नाही, हे तिथं खेळणाऱ्यांच्या सदसद्विवेकावर राहतं.

चौथं उदाहरण आम्हाला विशेष आवडलेलं, २०२०चा स्वीडिश खेळ ‘व्हेसेन’. तो लंडनमध्ये घडत नाही, एकोणिसाव्या शतकातल्या उत्तर युरोपात घडतो. व्हेसेन म्हणजे तिथल्या लोककथांतले जीव, आपल्याकडच्या आसरा-मुंज्यांसारखे. कारखाने आले, जंगलं तुटली, खेड्यांतली माणसं शहरात गेली, आणि या जिवांशी असलेले जुने करार मोडले. त्यांना गोळी घालून बहुतेकदा भागत नाही. काय बिनसलं, कुणी शब्द मोडला, हे शोधून काढावं लागतं. प्रत्येक खेळाडूच्या पात्राला एक जुना आघात असतो, एक गुपित असतं. त्या आघातामुळेच त्याला हे जीव दिसतात. म्हणजे भुतामागचा कागद इथं नियमातच बसवलेला आहे.

आणि पाचवं, जॉन हार्पर यांचं ‘ब्लेड्स इन द डार्क’, २०१७चं. यात लंडन नाहीच. डॉस्कव्हॉल नावाचं काल्पनिक शहर आहे, कायमचा अंधार, विजेच्या कुंपणाबाहेर भुतं, समुद्री राक्षसांच्या रक्तावर चालणारे दिवे. खेळाडू गुन्हेगारांची टोळी चालवतात, ताण सोसतात, ताण फार झाला की मनावर कायमची जखम होते. व्हिक्टोरियन शहराचा सगळा काच यात आहे, फक्त इतिहास नाही. काही जण म्हणतात, हाच मार्ग बरा. खरं लंडन घेतलं की साम्राज्य येतं, गुलामीचा पैसा येतो, आपल्यासारख्यांचा अपमान येतो. काल्पनिक शहर घ्या आणि मोकळे व्हा. हा मार्ग प्रामाणिक आहे हे मान्य. पण त्याची किंमतही ओळखली पाहिजे. काल्पनिक शहरात मेलेल्यांचं आपल्यावर काही देणं लागत नाही. खऱ्या लंडनमध्ये लागतं.

हे देणं म्हणजे काय, ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. १८८८ सालच्या व्हाइटचॅपलमधल्या खुनांचा आधार कितीतरी व्हिक्टोरियन खेळांनी घेतलेला आहे. खुनी कोण हे कोडं, आणि त्याचं उत्तर बहुधा सैतान, पंथ किंवा शाप. त्या खुनांच्या पाच बळी म्हणून ज्या बायका सर्वसाधारणपणे मानल्या जातात त्यांची नावं होती मेरी ॲन निकल्स, ॲनी चॅपमन, एलिझाबेथ स्ट्राइड, कॅथरीन एडोज आणि मेरी जेन केली. हॅली रुबेनहोल्ड यांनी २०१९च्या ‘द फाइव्ह’ या पुस्तकात खुन्याला बाजूला सारून या पाचजणींची आयुष्यं लिहिली. मेरी ॲन निकल्स त्या रात्री रस्त्यावर का होती? तर धर्मशाळेसारख्या स्वस्त निवाऱ्यात एका खाटेचे चार पेन्स तिच्याजवळ नव्हते. आता गेम मास्टरने खुनी सैतान ठरवला की त्या चार पेन्सांचं काय झालं? ते गोष्टीतून गेले. शहर निर्दोष सुटलं.

म्हणून आम्ही एक साधी कसोटी सुचवतो. आपण रचलेल्या गोष्टीतून भूत काढून टाका आणि बघा, गुन्हा उरतो का? उरत असेल, तर भूत त्या गुन्ह्याला चेहरा देतंय, खुशाल ठेवा. उरत नसेल, तर भूत गुन्ह्याची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेऊन माणसांना मोकळं करतंय. ती गोष्ट रोमांचक असेल, पण गॉथिक नव्हे.

ही कसोटी विल्की कॉलिन्सच्याच १८६८च्या ‘द मूनस्टोन’ला लावून पाहा. सोमनाथच्या मूर्तीचा हिरा फिरत फिरत श्रीरंगपट्टणला पोहोचलेला, १७९९ साली तिथल्या लुटीत एक इंग्रज अधिकारी तो पळवतो. हिऱ्याला शाप आहे अशी वदंता. तीन ब्राह्मण त्याच्या मागावर इंग्लंडात येतात. सगळे विचारतात, यॉर्कशरच्या घरातून हिरा चोरला कुणी? पण शाप वजा करा, तरी पहिली चोरी शिल्लक राहते, आणि तो चोर घरातलाच असतो. कादंबरीच्या शेवटी हिरा मूर्तीच्या कपाळी परत जातो. हा सांगाडा कुणीही गेम मास्टर उचलू शकतो: वस्तू कुणाची, ती आली कशी, आणि परत द्यायची तर खेळाडूंपैकी कुणाचं काय जाईल.

‘ड्रॅक्युला’ला ही कसोटी लावली की मजेशीर उलटापालट होते. ही कादंबरी मे १८९७मध्ये प्रसिद्ध झाली. पूर्वेकडून कुणीतरी येतो, आपल्या घरात शिरतो, आपल्या बायकांच्या रक्ताला हात घालतो, रोग पसरावा तसा पसरतो, ही तिची भीती. अनेक समीक्षकांनी यात साम्राज्याचा आपल्यावरच उलटलेला धाक वाचला आहे: आपण जे बाहेर केलं ते कुणी आपल्याला केलं तर? त्याच वर्षी आमच्या पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी गोरे शिपाई खरोखर घराघरांत शिरत होते. २२ जून १८९७ला, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री, गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. लंडनमध्ये ज्या गोष्टीचं दुःस्वप्न पडत होतं, ती पुण्यात दिवसाढवळ्या घडत होती, फक्त पात्रांच्या जागा बदललेल्या होत्या. तेव्हा भूत काढलं तर गुन्हा उरतो, पण तो उलट्या दिशेने चालताना दिसतो. मराठी खेळाडू या काळाची निवड करत असेल, तर एवढं त्याला ठाऊक असावं. त्याने खेळ पुण्यात आणलाच पाहिजे असं मुळीच नाही.

आता सगळ्यांत नाजूक मुद्दा. समाजाची बंधनं हीच भीतीची मुळं, असं आपण म्हटलं. मग टेबलावर ती बंधनं सोसायची कुणी? चार मुलगे आणि एक मुलगी खेळायला बसली, मुलीने स्त्री पात्र घेतलं, आणि गेम मास्टर दर प्रसंगी तिला म्हणू लागला की क्लबात तुला प्रवेश नाही, डॉक्टर तुझं ऐकत नाही, तर तिला त्यात कसली मजा? ती दिवसभर ऑफिसात हेच ऐकून आलेली असू शकते. यावर उपाय म्हणून पुष्कळ ठिकाणी सांगतात की आमच्या व्हिक्टोरियन जगात स्त्री-पुरुष समान, वर्णभेद नाही, कुणी मनाला लावून घेऊ नका. हेतू चांगला. पण मग वरच्या मजल्यावर कोंडलेली बाई कुठून येणार? जिथं बायको वकील लावून सहज मोकळी होऊ शकते, तिथं त्या खोलीला कुलूप कशाला?

या पेचावर आपल्या परंपरेत विचार सापडतो. भरताने भयानक हा रस मानला आणि भय हा त्याचा स्थायिभाव. अभिनवगुप्ताने विचारलं, प्रेक्षक घाबरतो म्हणजे नेमकं काय होतं? शाकुंतलातल्या पळणाऱ्या हरणाचं उदाहरण घेऊन तो म्हणतो की तिथं ‘मी घाबरलो’ असंही नाही आणि ‘तो घाबरला’ असंही नाही. स्थळकाळाच्या, आपल्या-परक्याच्या बंधनातून सुटलेलं नुसतं भय आस्वादाला येतं. आणि या आस्वादात येणारी विघ्नंही तो मोजतो. त्यांतलं एक म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात बुडालेला असणं. टेबलावर बसलेल्या त्या मुलीची अडचण हीच आहे. पात्राचा अपमान तिचा स्वतःचा अपमान झाला की रस मोडतो, मग उरतो तो निव्वळ त्रास.

म्हणून या खेळांत रूढ झालेल्या काही रीतींकडे आम्ही आदराने पाहतो. खेळ सुरू होण्याआधी बसून ठरवतात की कोणत्या गोष्टी येणारच नाहीत आणि कोणत्या पडद्याआड राहतील. टेबलावर एक कार्ड ठेवलेलं असतं, त्याला एक्स-कार्ड म्हणतात. कुणालाही काही सहन होईना तर त्याने कार्डाला बोट लावायचं, तो प्रसंग तिथंच सोडून द्यायचा, कारण विचारायचं नाही. आमच्या पिढीतले काही लोक याला नाजूकपणा म्हणून हसतात. आमच्या दृष्टीने हे विघ्न दूर करणं आहे. नाटकापूर्वी सूत्रधार जे करतो, त्याच जातीचं काम.

याच्याच जोडीला दुसरी दक्षता: जगात बंधन आहे आणि बंधनाला भिडणारी माणसंही तितकीच खरी आहेत, हे विसरू नये. ‘त्या काळच्या लंडनमध्ये हिंदी बाई कशी दाखवणार, ते खरं वाटत नाही,’ असं एखादा गेम मास्टर म्हणतो, तेव्हा त्याला इतिहास दाखवावा. रखमाबाईंना १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने सांगितलं होतं की बालपणी लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर तुरुंगात जा. त्यांनी तुरुंगाची तयारी दाखवली. प्रकरण १८८८मध्ये तडजोडीने मिटलं, १८८९ला त्या विलायतेला गेल्या आणि १८९४ला डॉक्टर झाल्या. कायदा, नवरा आणि बंद दार ही गॉथिकची तिन्ही उपकरणं या एका आयुष्यात आहेत, आणि ती बाई दार उघडून बाहेर पडलेली आहे. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९पासून ऑक्सफर्डला कायदा शिकत होत्या. दादाभाई नौरोजी १८९२ साली फिन्सबरीतून पार्लमेंटवर निवडून आले. लाइमहाउसच्या बाजूला १८५७पासून आशिया-आफ्रिकेतल्या खलाशांसाठी निवारा होता. साहेबांच्या मुलांबरोबर आणून वाऱ्यावर सोडलेल्या आयांसाठी अल्डगेटला वेगळं घर होतं. ते आयांचं घर डोळ्यांसमोर आणा. दुसऱ्याची लेकरं वाढवून, परतीच्या तिकिटाची वाट बघत बसलेल्या बायका. अशा घरातून एखादी आया नाहीशी होते, आणि पोलिसांना तिचं नावसुद्धा नीट लिहिता येत नाही. याहून चांगली सुरुवात कोणत्या किल्ल्यात मिळणार?

आता प्रत्यक्ष निवड करणाऱ्यांसाठी थोडं व्यवहाराचं. पहिलं, ‘व्हिक्टोरियन काळ’ असं म्हणून थांबू नका, साल ठरवा. हा काळ त्रेसष्ट वर्षांचा आहे. १८५४चं लंडन कॉलऱ्याचं. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाच्या पाण्यातून रोग पसरतोय हे जॉन स्नो सांगत होता आणि बहुतेक डॉक्टर दूषित हवेला दोष देत होते. १८५८ला थेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंट हैराण झालं. जमिनीखालची आगगाडी १८६३ची. स्कॉटलंड यार्डात बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला १९०१ साली, राणी वारल्यानंतर. त्याआधी १८९७ला तो कलकत्त्यात सुरू झालेला होता, आणि त्या वर्गीकरणाच्या कामात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांचा मोठा वाटा होता. म्हणजे १८९०च्या लंडनमधल्या तुमच्या गुप्तहेराला ठसे मिळाले तरी ते जुळवायचे कुठे? साल बदललं की माणसांना काय कळू शकतं तेच बदलतं, आणि भीती ही शेवटी कळण्या-न कळण्याच्या सीमेवरची गोष्ट.

दुसरं, अख्खं शहर घेऊ नका. एक रस्ता, एक घर, एक दवाखाना पुरे. त्या घरात कोण झोपतं, कोण भांडी घासतं, तळघरातल्या घंट्या कोणत्या खोल्यांतून वाजतात, आणि महिन्याचं भाडं कुणाकडे जातं, एवढं माहीत असलं की गोष्ट आपसूक सुटते.

तिसरं, कागद लिहा. मृत्युपत्र, विवाहाचा दाखला, गहाणखत, डॉक्टरचं प्रमाणपत्र, यांतला एक तरी. राक्षस ठरवण्याआधी हा कागद ठरवा, आणि त्यावर कुणाची सही आहे तेही.

चौथं, सोडवणूक तलवारीने होऊ देऊ नका. खेळाडूंना राक्षस मारता यावा, हरकत नाही, पण त्यानंतर कागद टेबलावरच उरला पाहिजे. तो जाळायचा, छापून आणायचा, की ज्याचा आहे त्याला द्यायचा, हे त्यांनी आपसांत ठरवावं. आमच्या मते खेळाची खरी रात्र तिथं सुरू होते, कारण त्या प्रश्नाला फासा नसतो. फासा सांगतो जमेल की नाही. करावं की नाही, हे तो सांगू शकत नाही.

एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो रास्त आहे: ‘सर, शनिवारी संध्याकाळी चार मित्र जमतात, थोडं हसतात, थोडं घाबरतात. त्यांच्यावर साम्राज्याचा हिशेब कशाला लादता?’ लादू नयेच. टोप्या, धुकं आणि वटवाघळं घेऊन मजा करायला कुणाचीही ना नाही. तशा खेळाला आपण वेषांतराचा खेळ म्हणू, आणि तोही चांगला असू शकतो. पण ज्यांना खरी भीती हवी आहे, ज्यांची तक्रार असते की ‘आमच्या खेळात कुणी घाबरतच नाही’, त्यांना आमचं उत्तर असं की घाबरण्याचं कारण तुम्हीच खोलीतून बाहेर काढून ठेवलंय. ते परत आत आणा, सगळ्यांना विचारून आणा, आणि मग दिवे मंद करा.

इथं थांबतो. आता श्रोत्यांचे प्रश्न घेऊ. ज्यांनी यांपैकी एखादा खेळ स्वतः चालवला आहे, त्यांनी आधी बोलावं. आपल्या गोष्टीतून भूत वजा केल्यावर काय उरलं, हे त्यांच्याकडून ऐकायला आम्हाला आवडेल.